वजनकाट्याला न दिसणारा थकवा

स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात येऊन राहिलेल्या मुलींचा दिवस कसा जातो, ते सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कुणालाही बघता येईल. सकाळी अभ्यासिका उघडताच जागा धरायची, दुपारी मेसचा डबा, संध्याकाळी टपरीवरचा चहा आणि रात्री उशिरापर्यंत पुन्हा तीच खुर्ची. दिवसाचे दहा-बारा तास बसून. त्याच वयाच्या दुसऱ्या मुली पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असतो, एकूण ५० गुणांसाठी. एकीच्या अंगाला हालचाल नाही, दुसरीच्या अंगाला उसंत नाही. तक्रार मात्र दोघींची एकच: अंगात त्राण नाही, जिना चढला तरी पाय भरून येतात, झोपून उठलं तरी शीण जात नाही.

हे पुस्तक त्या तक्रारीबद्दल आहे. ती खोटी नसते, लाडावल्याचं लक्षण नसते, आणि बहुतेक वेळा तिचं कारण शोधून काढता येतं, हे मला सुरुवातीलाच ठामपणे सांगायचं आहे. अडचण एवढीच की आपण मोजतो ते भलतंच. मुलगी दमते म्हणाली की घरातून पहिलं उत्तर येतं, ‘अगं, या वयात कसला आलाय थकवा? आम्ही तुझ्याएवढ्या होतो तेव्हा विहिरीवरून पाणी आणायचो.’ त्यातूनही ती दवाखान्यात गेलीच, तर आधी काट्यावर उभी राहते. काटा पंचेचाळिसाच्या आत असला तर ‘जरा खात जा’, साठाच्या पुढे गेला तर ‘वजन कमी कर’, आणि मधे कुठे थांबला तर ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नकोस’. या तिन्ही उत्तरांत थकव्याची चौकशी झालेलीच नसते. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे, आणि या तीन उत्तरांइतकं नुकसान मुलींचं दुसऱ्या कशानं क्वचितच झालं असेल असं माझं मत आहे.

वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, ही कल्पना मुळात वैद्यकातली नाही. ती बेल्जियमच्या आडॉल्फ केटले यांची, १८३२च्या सुमाराची. केटले गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते. माणसांच्या मोठ्या समूहात सरासरी माणूस कसा असतो, याचा ते शोध घेत होते. समोर बसलेल्या एखाद्या व्यक्तीची तब्येत ठरवणं हा त्यांचा हेतू नव्हता. त्या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळालं १९७२ साली, अमेरिकन संशोधक ॲन्सेल कीज यांच्या लेखातून, आणि तेव्हाही तो लोकसमूहांची तुलना करण्यासाठी सोयीचा आकडा म्हणूनच पुढे आला. पुढे तो प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक जिममध्ये आणि आता प्रत्येक मोबाइलमध्ये जाऊन बसला. त्या एका आकड्यात हाडं, स्नायू, चरबी आणि पाणी सगळं एकत्र कालवलेलं असतं. कशाचं प्रमाण किती, हे तो सांगत नाही, आणि दमण्याचा संबंध नेमका त्या प्रमाणाशी आहे.

हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिलं ते पुण्यानंच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ही दोन पुरुषांची गोष्ट झाली, पण तिची मुळं बायकांच्या पोटात सापडतात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची बारकाईनं मोजमापं घेतली गेली. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं. त्याच काळात इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. स्नायूंत नि पोटातल्या अवयवांत ती बरीच कमी पडली होती, आणि त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणारं, पण चरबीचा वाटा जास्त असलेलं बाळ. ती बाळं आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातल्या मुली नोकरी करतात, त्यांची लग्नं होतात, त्यांना मुलं होतात, आणि ‘तू तर बारीकच आहेस, तुला काय झालंय दमायला’ हे वाक्य त्यांच्या वाट्याला येतं.

म्हणूनच आशियाई लोकांसाठी धोक्याच्या रेषा खाली आणल्या गेल्या. जगात जास्त वजनाची सुरुवात २५ला धरतात, आपल्याकडे ती २३ला धरावी आणि बायकांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ठरवलं. हे योग्यच झालं. पण रेषा खाली सरकवली म्हणून मोजण्याची वस्तू बदलत नाही.

आकडे मांडून बघू. दोघी मैत्रिणी, दोघींचं वजन ५५ किलो, उंची सारखी. एकीच्या शरीरात ३३ टक्के चरबी, दुसरीच्या २४. म्हणजे पहिलीकडे १८ किलो चरबी आणि ३७ किलो बाकीचं शरीर. दुसरीकडे १३ किलो चरबी आणि ४२ किलो बाकीचं. तरुणीच्या शरीरात साधारण चौथा हिस्सा चरबी असणं स्वाभाविक आहे. पाळी नियमित राहायला, गर्भधारणेला तिची गरज असते, तेव्हा चरबीलाच शत्रू ठरवण्यात अर्थ नाही. प्रश्न त्या पाच किलोंचा आहे. त्यातला मोठा भाग स्नायू असतो, आणि ५५ किलोंचं ओझं तिसऱ्या मजल्यावर नेण्याचं काम स्नायूंनाच करायचं असतं. पहिलीला तेच ओझं कमी स्नायूंनी न्यावं लागतं. तिचा प्रत्येक स्नायू आपल्या ताकदीच्या मर्यादेच्या अधिक जवळ जाऊन काम करतो, लवकर थकतो, आणि त्याला रक्त पुरवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात.

प्रयोगशाळेत हे दाखवायला फार साधनं लागत नाहीत. ४१ सेंटिमीटर उंचीचं एक लाकडी बाकडं आणि मिनिटाला ८८ ठोके देणारा मेट्रोनोम पुरतो. एका ठोक्याला उजवा पाय वर, दुसऱ्याला डावा, तिसऱ्याला उजवा खाली, चौथ्याला डावा. असं मिनिटाला बावीस वेळा, तीन मिनिटं. मग उभ्या उभ्याच मनगट धरायचं, पाचव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत नाडी मोजायची आणि चारानं गुणायचं. पहिलं मिनिट वर्गात हसण्या-खिदळण्यात जातं. दुसऱ्यात आवाज थांबतात. तिसऱ्या मिनिटाला बघावं: सगळ्याजणी जिचा हेवा करतात ती सडपातळ मुलगी ठोका चुकवायला लागते, हात मांडीवर टेकून पाय वर ओढते. श्वासाआधी तिच्या मांड्या हार मानतात. नाडी १८०च्या घरात. आणि शाळेत कबड्डी खेळलेली, अंगानं भरलेली, आईनं ‘जाड’ म्हणून नाव ठेवलेली मुलगी शेवटच्या ठोक्यापर्यंत तालात असते. १४०-१४५वर तिची नाडी थांबते. दोघींना त्यांचे आकडे दाखवले की आधी विश्वास बसत नाही. त्या आकड्यांवरून मुलींचं स्वतःकडे बघणं बदलताना मी पाहिलं आहे, आणि हे पुस्तक लिहिण्याचं मोठं कारण ते आहे.

स्नायू ही तरुणपणीच करायची कमाई आहे. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच उचलतात, त्यामुळे मधुमेहाचा संबंध त्यांच्याशी आहे. स्नायूंच्या ओढीनं हाडं घट्ट होतात, आणि हाडांचा साठा वाढतो तो तिशीपर्यंतच. विशीत खुर्चीवर घालवलेली वर्षं पन्नाशीत पाळी गेल्यावर पुढे येतात.

आता लोहाबद्दल, कारण स्नायू कितीही असले तरी प्राणवायू पोचला नाही तर ते कामाचे नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांत देशाचा आकडा ५७ टक्के, महाराष्ट्राचा ५४.२. ही पाहणी बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर होती, आणि या पद्धतीत आकडा वाढून येतो असा आक्षेप आहे. तो रास्त धरला, तरी शिरेतून रक्त घेऊन २०१६-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के आणि मुलांत १८ टक्के रक्तक्षय निघाला. आकडा कुठलाही घ्या, मुली नि मुलं यांच्यातली दरी बुजत नाही.

ती का, याचा हिशोब सोपा आहे. एका मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं तर २० मिलिग्रॅम लोह गेलं. ८०च्या पुढे गेलं तर ती जास्त पाळी, आणि तेव्हा नुकसान दुपटीचं. आपल्या शाकाहारी जेवणातलं लोह फार तर आठेक टक्के शोषलं जातं. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२०च्या शिफारशींत बाईला रोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे. बाईला पुरुषाच्या दीडपट लोह लागतं, आणि आपल्या कित्येक घरांत ती अजूनही सगळ्यांचं झाल्यावर जेवते. जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचं शोषण आणखी घटवतो, आणि त्याच ताटात पिळलेलं लिंबू ते वाढवतं. इतक्या साध्या गोष्टी घराघरांत ठाऊक नसाव्यात, याची मला खंत वाटते.

इथेही एक आकडा फसवतो. हिमोग्लोबिन १२च्या वर आलं की रिपोर्टवर काळजीचं कारण उरत नाही. पण शरीर आधी साठ्यातलं लोह संपवतं आणि हिमोग्लोबिन शेवटी घसरतं. स्नायूंतल्या मायोग्लोबिनला आणि पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही लोह लागतं, त्यामुळे रक्तक्षय नसतानाही मुलगी थकू शकते. स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि २००३ साली ‘बीएमजे’त छापून आलेल्या एका चाचणीत, रक्तक्षय नसलेल्या पण कारणाशिवाय थकलेल्या बायकांना चार आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांचा थकवा २९ टक्क्यांनी उतरला, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा १३ टक्क्यांनी. साठ्यातलं लोह दाखवणारी फेरिटिनची तपासणी म्हणूनच विचारून करून घ्यावी. शाळेतून मिळणारी निळी गोळी मळमळतं म्हणून वेणीच्या रिबिनीत लपवून घरी आणणाऱ्या मुली कमी नाहीत. त्यांना रागावून उपयोग होत नाही. गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली की बऱ्याचजणींना ती सोसते.

वजन कमी करायच्या नादाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. लग्न ठरलं की पोळी बंद, भात बंद, रात्री फक्त सूप, हा प्रकार आता तालुक्याच्या गावांतही पोचला आहे. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात मोठा वाटा स्नायूंचा असतो. लग्नानंतर वजन परत येतं ते मुख्यतः चरबीचं. म्हणजे मुलगी पुन्हा जुन्या आकड्यावर येते, पण आधीपेक्षा कमी स्नायू घेऊन, आणि आधीपेक्षा जास्त दमते. त्यात आपल्या जेवणात प्रथिनं मुळातच कमी. ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. मेसच्या डब्यातल्या दोन-तीन पोळ्या, भाजी आणि पातळ आमटी मिळून एका वेळेला बारा-पंधरा ग्रॅमच्या पुढे क्वचित जातं. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास धरले तर त्या दिवशी ताटात साबुदाणा येतो, जो जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. खिचडीतल्या शेंगदाण्याच्या कुटानं जी काय भर पडते तेवढीच. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. दही, दूध, राजगिरा, मूठभर जास्तीचे दाणे घ्यायला कुठलंच व्रत आड येत नाही.

आणि पहाटे पळणारी ती भरतीची मुलगी? तिची गोष्ट उलटी दिसते, पण मूळ तेच. तिचा व्यायाम भरपूर आहे आणि ताट जुनंच. अमेरिकन संशोधक ॲन लाउक्स यांनी दाखवून दिलं की व्यायामात खर्च झालेले उष्मांक वजा करून, चरबीखेरीजच्या शरीराच्या दर किलोमागे ३० उष्मांकसुद्धा उरले नाहीत, तर पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांची लय अवघ्या पाच दिवसांत बिघडायला लागते. ३८ किलो चरबीविरहित वजनाच्या मुलीसाठी ही मर्यादा येते ११४० उष्मांकांची. भाकरी-कोरड्यासावर रोज पहाटे पळणारी मुलगी या रेषेखाली सहज जाते. मग पाळी लांबते, थांबते, आणि ‘बरंच झालं, भरतीपुरती कटकट गेली’ असं तीच म्हणते. ते बरं नसतं. हाडं पोकळ होत असतात, नडगीला बारीक तडे जातात, वेळ सुधारायची थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली या अवस्थेची स्वतंत्र व्याख्या केली, ती खेळाडूंसाठी. आपल्या रस्त्यांवर पळणाऱ्या मुलींना खेळाडू म्हणून कुणी मोजत नाही, पण अंग त्यांचं तेवढंच झिजतं. साताऱ्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्यांच्यासारखं व्हायचं स्वप्न घेऊन पळणाऱ्या मुलीच्या ताटात काय पडतं, हे तिच्या वेळेइतकंच काटेकोरपणे बघायला हवं.

बसून दमणाऱ्या मुलींची संख्या मात्र कितीतरी मोठी. २०२२ सालच्या स्थितीवरून ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या ५७ टक्के बायका पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. यावर लगेच प्रश्न येतो, घरकाम करतात ते काय? करतातच. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं निघालं. पण ओट्याशी तासन्‌तास उभं राहण्यानं पाठ अवघडते, छातीचे ठोके फारसे वाढत नाहीत आणि मांडीच्या स्नायूंना वाढायला लागणारा ताण मिळत नाही. घरकाम थकवतं, ताकद मात्र फारशी देत नाही. शिवाय त्यातच तिचा स्वतःचा वेळ संपतो.

पूर्वी निदान श्रावणात मंगळागौर होती. बसफुगडी करून बघा: उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या. आजचा कुठलाही जिम प्रशिक्षक त्याला मांड्यांचा अव्वल व्यायाम म्हणेल. झिम्मा, पिंगा, लाट्या, रात्रभर. ते खेळ आता बहुतेक मंचावर, सादर करायला उरले. दहावीनंतर मुलीचं मैदान सुटतं ते कायमचं. कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी मुलं असतात, रस्त्यावर पळावं तर नजरा असतात, आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं असतं. व्यायाम न करणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याआधी, तिला तो करायला जागा कुठे ठेवली आहे हे सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

दमलेली असताना व्यायाम कसा करायचा, हा प्रश्न मला वर्गात नेहमी विचारला जातो. जॉर्जिया विद्यापीठात सतत थकवा असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या ३६ तरुण-तरुणींवर झालेला एक छोटा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं सायकल. अगदी हळू चालवणाऱ्यांचा थकवा ६५ टक्क्यांनी कमी झाला, मध्यम जोरानं चालवणाऱ्यांचा ४९ टक्क्यांनी. विशेष म्हणजे दमसास किती सुधारला याच्याशी या बदलाचा संबंध नव्हता. थोडी, नियमित हालचाल मेंदूलाच हुशारी आणत होती. म्हणून या पुस्तकातले व्यायाम सौम्य चालण्यापासून सुरू होतात आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीच्या व्यायामांपर्यंत जातात. त्यासाठी खुर्ची, भिंत आणि पाण्यानं भरलेली बाटली एवढंच लागतं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. काही थकवे चालण्यानं जात नाहीत. थायरॉइड मंदावलेलं असतं, बी-१२ कमी असतं, क्षयरोग असतो, मन खचलेलं असतं. आणि थोडेजण असे असतात की जरासा श्रम झाला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते अंथरुणाला खिळतात; या आजारात व्यायाम टप्प्याटप्प्यानं वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनानं २०२१ साली मागे घेतला. ज्या मुलीला व्यायामानंतर असं होतं, तिनं व्यायामाची प्रकरणं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जावं.

हे पुस्तक सलग वाचायलाच हवं असं नाही. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट हातात असेल तिनं लोहाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, पाळी चुकली असेल तिनं भरतीच्या मुलींवरचं प्रकरण आधी उघडावं. वजनाचे तक्ते मी मुद्दाम दिलेले नाहीत. त्याऐवजी शेवटच्या पानांवर नोंदवहीचे रकाने आहेत: झोप, पाळीचे दिवस, जिना चढल्यावरची नाडी, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आलं. महिनाभर ते भरून डॉक्टरकडे जाताना सोबत न्यावेत. ‘मला थकवा येतो’ एवढंच सांगण्यापेक्षा ते पान समोर ठेवलं की तपासणीची सुरुवात काट्यापाशी होत नाही.